हात काढ

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आप्पांची रात्रपाळी असली की ते सकाळी साडेआठला घरी यायचे, हातपाय धुऊन चहात बटर बुडवून खायचे आणि आतल्या खोलीत पत्र्याच्या पेट्यांशेजारी अंथरुणावर पडायचे. सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या त्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत स्टोव्ह, मोरी, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आणि आम्ही दोघं भावंडं; आतल्या खोलीत आप्पांची झोप. आई भाकरी थापायची ती परातीखाली जुन्या लुगड्याची घडी घालून, म्हणजे आवाज फरशीत जिरावा. शेंगदाणे कुटायचे झाले तर खलबत्ता घेऊन ती नळाच्या कट्ट्यावर जायची आणि तिथं चार बायका आपापलं कुटण-वाटण घेऊन बसलेल्या असायच्या, कारण त्यांच्याही घरात कुणीतरी रात्रपाळीचं झोपलेलं असायचं. सुमनताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती ओठ न हलवता पाठांतर करायला शिकली होती. मी मांडीवर बोटं आपटायचो. ताशा मी जयंतीच्या मिरवणुकीत शिकलो, पण ताल मला त्या गप्प घरानं शिकवला असं आता वाटतं. आवाज करायची बंदी असली की माणूस आवाजाचा फार विचार करतो.

त्या घरात दिवसा मोठ्यानं बोलायची मुभा एकट्या आप्पांना होती, तीही झोपेत. ते प्रेस ऑपरेटर होते. खाली डाय, वर लोखंडाचा ठोकळा. मधे पत्रा सरकवायचा आणि पायानं पायडल दाबायचं की ठोकळा खाली येऊन पत्र्यातून वॉशर कापून निघतो. कामाला लागले त्या दिवशी कुणा म्हाताऱ्या मिस्तरीनं त्यांना तीन वाक्यांचं शिक्षण दिलं होतं: पत्रा ठेव, हात काढ, पायडल दाब. एवढं बिनचूक करत राहिलं की माणूस साबूत. आप्पांनी ते अकरा वर्षं बिनचूक केलं. मग एका दुपारी प्रेसनंच चूक केली. पायडल एकदा दाबलं आणि ठोकळा दोनदा आला. ‘डबल मारली’ म्हणतात त्याला. आप्पा नवा पत्रा सरकवत होते. डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर मालकाचा माणूस एक कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं की अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झाला. आप्पांनी उजव्या हातानं सही केली आणि बदल्यात नोकरी राहिली. तेव्हापासून झोपेत त्या तीन वाक्यांतलं मधलंच तेवढं उरलं. आतल्या खोलीतून यायचं, “हात काढ... हात काढ...” एका संथ, ठरावीक अंतरानं. आई आमटी ढवळता ढवळता उठायची, आत जाऊन त्यांच्या छातीवर तळवा ठेवायची आणि परत येऊन पळी हातात घ्यायची. आम्हा मुलांना त्यात भिण्यासारखं काही वाटायचं नाही. कुणाच्या घरात घड्याळ वाजतं तसं आमच्या घरात ते होतं.

रोहित मला पहिल्यांदा भेटला तो मिरवणुकीत. भेटला म्हणजे त्यानं स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली आणि आमचं पथक पुढं जाईपर्यंत तो माझ्या हातांकडे बघत चालत राहिला. दोन दिवसांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये समोर येऊन बसला. “तू ड्रम्स वाजवशील?” मी म्हटलं, ड्रम्स मी फक्त चित्रात पाहिलेत. तो म्हणाला, “माझ्याकडे आहेत. वाजवणारा नाहीये.” वडील डॉक्टर, गंगापूर रोडला बंगला. मुलानं हट्ट केला म्हणून त्यांनी मुंबईहून ड्रमचा पूर्ण संच आणून दिला होता. तोवर मुलाचं मन गिटारवर गेलं होतं. संच गॅरेजमध्ये चादरीखाली पडून होता. मी सायकलवर आनंदवल्लीच्या बाजूनं जायचो आणि अंधार पडायच्या आत परत यायचो. रोहितची आई टोस्ट आणून द्यायची, नीट बोलायची. तिथं कुणी मला तोडून वागवलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. पुढं जे झालं ते चांगल्या वागणाऱ्या माणसांकडून झालं, हीच तर माझी तक्रार आहे. तिसरा फ्रान्सिस. नाशिकरोडचा, रेल्वेतल्या गार्डाचा मुलगा. बेस गिटार वाजवायचा, आणि आठवड्याला मोजून दहा वाक्यं बोलायचा. आमच्या तिघांच्या बँडचं नाव रोहितनं ठेवलं, ‘बेसाल्ट’.

वर्षभर आम्ही इंग्रजी गाणी वाजवली. समोरची पोरं सभ्यपणे ऐकायची आणि नंतर लावणीच्या कार्यक्रमाला शिट्ट्या मारायची. रोहितला ते लागलं. आपलं, मराठीतलं, स्वतःचं एक गाणं पाहिजे असा त्यानं ध्यास घेतला. पाच-सहा केली, सगळी चंद्र आणि एकटेपणावरची. एकदा तो तारा जुळवत होता आणि मी सहज वाजवत बसलो होतो: काठीवर काठी घासून ‘सर्र’, कडेवर ‘खट्’, मग पायानं मोठ्या ढोलाचा ‘धाड्’ आणि झांजेच्या टोकावर ‘टिण्’. पत्रा सरकला, पायडल दाबलं, ठोकळा आला, वॉशर पडला. रोहितनं मान वर केली. “हे काय आहे?” मी सांगितलं. प्रेस सांगितली, तीन वाक्यं सांगितली, बोटं सांगितली, आणि झोपेतलं बोलणंही सांगितलं. ते माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही. मी आपण होऊन, खुशीत येऊन दिलं. हे इथंच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं माझा राग वाचताना त्यातला माझा वाटा कुणाला शोधत बसावं लागणार नाही.  रोहितनं गिटारवर एकच सूर धरला आणि खर्जात म्हटलं, “हात काढ.” फ्रान्सिस म्हणाला, “आलं.”  अर्ध्या तासात गाण्याचं धृपद उभं राहिलं.

रविवार कारंज्याजवळ साड्यांच्या दुकानावर वाघ मास्तरांचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीला घोंगडी. मास्तर भजनी मंडळांची आणि लाउडस्पीकरवरच्या जाहिरातींची ध्वनिमुद्रणं करायचे. आमचं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सुपारी कातरत म्हणाले, “पोरांनो, चाल बरी आहे. पण हा ढोल ढोलासारखा वाजतोय. तुम्हाला प्रेस पाहिजे तर प्रेसच आणा. तिची नक्कल होत नाही.” रोहितचे डोळे चमकले. त्याच्या वडिलांकडे चांगला टेपरेकॉर्डर होता, वेगळा माइक लागणारा. आता राहिलं आप्पांना विचारणं, आणि ते माझ्यावर आलं.

मी जेवताना विचारलं. मेथीची भाजी होती, ज्वारीची भाकरी आणि कांदा. “आप्पा, तुमच्या प्रेसचा आवाज टेप करायचाय.” त्यांचा घास हातात राहिला.

“कशाला?”

“आमच्या गाण्यात घ्यायचाय.”

ते हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. “त्या रांडेचा आवाज ऐकून माझे कान गेले, अन् तुम्ही तो गाण्यात घेणार?”

आई हसली नाही. “मालकाला इचारलं का?”

“मालक गुरुवारी मुंबईला असतो. अन् आवाजच न्यायचा हाय, काय पत्रा नाय चोरायचा.” मग माझ्याकडे वळून, एकदम गंभीर होऊन, “दुपारच्या सुट्टीत या. बाकीच्या मशिनी बंद असत्यात. नीट ऐकू येईल.”

वीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल पहिल्यांदा काही मागितलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. गुरुवारी त्यांना दिवसपाळीला निघताना दाढी करून, जयंतीचा ठेवणीतला शर्ट घालून जाताना पाहिलं तेव्हाही नाही. त्या शर्टवर तेलाचे डाग पडतील म्हणून आई कुरकुरली, एवढंच आठवतं.

शेड पत्र्याची होती. आत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. एक वाजता भोंगा झाला, एकेक मशीन गप्प होत गेलं, कामगार डबे घेऊन बाहेर लिंबाखाली गेले. आप्पांनी आम्हाला त्यांच्या प्रेसशी नेलं. तिला फडक्यानं पुसलं, दोन ठिकाणी तेलाचे थेंब सोडले. रोहितनं माइक कुठं धरायचा ते त्यांनीच दाखवलं. “हितं धर, क्लचचा बी येईल. तिकडं धरला तर नुसताच दणका.” मोटर सुरू झाली, मोठं चाक घुमायला लागलं, आणि आप्पा कामाला लागले. मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. घरी जो माणूस थकलेला, पाठीला बाम चोळून घेणारा, तो इथं अंगातला एकही तोळा वाया न घालवता हलत होता. डाव्या हाताची उरलेली बोटं पत्रा अशी धरायची की बघणाऱ्याला उणीव दिसू नये. सर्र, खट्, धाड्, टिण्. सर्र, खट्, धाड्, टिण्. रोहित कानाला हेडफोन लावून डोळे मिटून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं हात वर केला.

“काका, थोडं फास्ट होईल?”

“नाय.”

“थोडंसंच.”

आप्पांनी पाय काढला. रागावले नव्हते. पोराला पाढा समजावून सांगावा तसं म्हणाले, “याच्याहून फास्ट नाय होत. हात निघाला पायजे. हा जो वेळ हाय ना मधी, तो हात निघायचा हाय. तो सोडून बाकी काय पन करा.”

मग डबा उघडला. लिंबाखाली न बसता तिथंच, मशीनच्या बुडाशी. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. आईनं नेहमीपेक्षा जास्त दिलं होतं. रोहित खरोखर आवडीनं खात होता, आप्पा त्याला वाढत होते आणि स्वतः चटणी चाखत होते. त्याची नजर पुन्हापुन्हा त्यांच्या डाव्या हाताकडे जात होती. आप्पांनी ते पाहिलं आणि पाहुणा अवघडू नये म्हणून आपला जुना विनोद काढला. वसाहतीत सगळ्यांना तो पाठ होता. “वाटणी झालीया आमची. दोन मालकाला, आठ मला. माझ्याकडंच जास्त हाय की!” फ्रान्सिसनं मान खाली घातली. रोहितनं खिशातून पेन काढलं आणि कॅसेटच्या कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना आप्पा आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथल्या वॉचमनला म्हणाले, “पोरगं हाय माझं. गाणं करतंय.”

वाघ मास्तरांच्या खोलीत तो आवाज मोठ्या स्पीकरवर लागला तेव्हा आम्ही तिघंही हललो. पण रोहितला चाल जलद हवी होती. मास्तरांनी टेपचा वेग वाढवला. आवाज किंचित पातळ झाला, पण धार आली. त्यावर मी वाजवलं. खोटं कशाला बोलू, त्याच्याइतकं चांगलं मी पुन्हा कधी वाजवलं नाही. धृपद तेच, आणि दुसऱ्या कडव्यात रोहितनं त्याच्या त्या खरखरीत आवाजात म्हटलं, ‘दोन तुला, आठ मला, वाटणी झाली रे मालका’. पहिल्याच दमात झालं. मास्तर सुपारी विसरले. कॅसेटच्या कागदावर रोहितनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: शब्द, संगीत आणि गायन, पुढं त्याचं नाव. मी ते वाचलं. गायलं तर त्यानंच होतं, लिहिलं तर त्यानंच होतं, असं मनाशी म्हटलं. चाल काय एकट्याची होती का, हा प्रश्न तेव्हा आलाच नाही असं नाही. आला आणि मी त्याला बसायला जागा दिली नाही.

कॅसेट घरी नेली. शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आप्पा भिंतीला टेकून बसले, डावा हात उजव्या हातात धरून. गाणं सुरू झालं. प्रेसचा आवाज आला तसे ते हसले, आईकडे बघून भुवया उडवल्या. मग ते कडवं आलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. “हे तुम्ही बोलला व्हता?” आप्पा टेपकडे बघत राहिले. ताई आत निघून गेली. गाणं संपलं, टेप खरखरत राहिली. मी वाट बघत होतो.

“लय जलद हाय रे,” आप्पा म्हणाले. “एवढ्यात हात निघत नाय.”

“आप्पा, ते गाणं आहे.”

“व्हय, गाणंच हाय.” आणि उठून पाणी प्यायला गेले.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते गाणं आम्ही तीनदा वाजवलं. पोरं थांबूच देईनात. हजार पोरं एका आवाजात ‘हात काढ’ म्हणत होती आणि प्रत्येकजण आपल्याला हवा तो अर्थ काढत होता. कुणी प्राचार्यांवर, कुणी सरकारवर. कॅसेटच्या नकला निघाल्या. सातपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर ते लागायला लागलं, आणि तिथं मात्र त्याचा अर्थ एकच होता. पाळी सुटली की कामगार थांबून ऐकायचे. कुणाची प्रेस, कुणाची बोटं, हे सातपुरात कुणाला सांगावं लागलं नाही. मालकालाही लागलं नाही.

एका मंगळवारी, दिवसपाळी असताना, आप्पा सकाळी अकरालाच घरी आले. चपला काढल्या, डबा जसाच्या तसा आईच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन पेट्यांशेजारी बसले. आम्ही सवयीनं हळू बोलायला लागलो. मालकानं टेबलावर ती जुनी सही ठेवली होती, ‘हलगर्जीपणा’वाली. एवढं करून तुला ठेवला, आणि तू माझी गावभर गाणी करतोस? बाहेरची पोरं मशीनवर आणतोस? कामावरून काढल्याचं कारण कागदोपत्री दुसरंच लिहिलं, बाहेरच्यांना आत घेतल्याचं. तेही खोटं नव्हतं. आई म्हणाली, “युनियनवाल्यांकडं जा.” आप्पा म्हणाले, “सही माझी हाय.”

संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. आवाज अगदी साधा. “तुझ्या दोस्ताचे वडील अन् मालक वळखीचे हायेत म्हनं. क्लबात संगं असत्यात. त्यानं नुसतं जाऊन सांगावं, की बोटांचं मी माझ्या मनानं लिवलं, यांना म्हाईत नव्हतं. बाकी काय नको.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. रोहित गॅरेजमध्ये होता, आनंदात होता. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस शनिवारी आम्हाला ऐकायला येणार होता. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, त्याला खरंच वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगेन. गिटार खाली ठेवून तो येरझाऱ्या घालू लागला. मग म्हणाला, “पण मी मनानं लिहिलं असं कसं म्हणू? ते खरं आहे. खरं आहे म्हणून तर लोक ऐकतायत. मीच ते खोटं आहे म्हटलं तर गाण्यात राहिलं काय?”

फ्रान्सिस कोपऱ्यात बसून होता. “जाऊन सांग,” तो म्हणाला. “गाण्याचं काय बिघडतंय?”

“तुला कळत नाहीये. ही तत्त्वाची गोष्ट आहे.”

फ्रान्सिसनं बेसची वायर काढली, पेटीत बेस ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. “मी नाही वाजवणार,” एवढं म्हणून सायकल घेऊन गेला. त्या आठवड्यातलं ते त्याचं शेवटचं वाक्य असावं. आमच्यासाठी तर कायमचंच.

आणि मी? मला रोहितचं पटलं. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली. त्या गॅरेजमध्ये उभं राहून, बापाची नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मला वाटलं की तो बरोबर बोलतोय, कलेसाठी असं वागावंच लागतं. घरी आलो आणि आप्पांना सांगितलं, “तो म्हणतो, खोटं कसं बोलायचं.” आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “बरोबर हाय त्याचं.” शनिवारी मी वाजवलं. कुणीतरी दुसरा बेसवाला मिळाला. कंपनीच्या माणसानं गाणं घेतलं. पुढं सहा-सात महिने मी गावोगाव ते वाजवत हिंडलो, रोज त्याच जागी टेपवर माझे आप्पा पत्रा सरकवायचे आणि मी त्यांच्यावरून ढोल बडवायचो. ते सोडायचं ठरवत होतो तोवर रोहित मुंबईला गेला आणि तिथं त्याला सफाईदार ड्रमर मिळाला. मला सोडण्याचंही समाधान मिळालं नाही. बँडमधून मी गळलो, एवढंच.

आठ बोटांच्या ऑपरेटरला सातपुरात पुन्हा कुणी उभं केलं नाही. ताईचं डी.एड. पहिल्या वर्षावर थांबलं. ती खोकी बनवायच्या कारखान्यात जायला लागली आणि पुढं कितीतरी वर्षांनी अंगणवाडीत लागली. मी शिक्षण पुरं केलं, नोकरी धरली, निवृत्तही झालो. माझं काहीच थांबलं नाही. आप्पा निफाडकडे चुलत्यांच्या गावी गेले, द्राक्षाच्या बागांवर राखणीला. छाटणीच्या दिवसांत ते कात्री घेऊन इतरांबरोबर उभे राहायचे, पण त्या कामाला दोन्ही हात पुरते लागतात. मुकादम त्यांना पाणी भरायला पाठवायचा. रात्रपाळी संपली होती, तरी दिवसा दुपारी झाडाखाली पडले की ते बोलायचे, असं चुलते सांगायचे. त्या गाण्याबद्दल त्यांनी मला अखेरपर्यंत एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. ते गेले तेव्हा ते गाणं कुठल्यातरी रिक्षात वाजत होतं का, असल्या गोष्टी मी लिहिणार नाही. ते सरकारी दवाखान्यात गेले आणि तिथं पंख्याचा आवाज होता.

गाणं मात्र मेलं नाही. आता ते मोबाइलवर आहे, खाली लाखो लोकांनी अंगठे दाखवलेत. माझ्या मुलीनं मला रोहितची एक मुलाखत दाखवली. केस पांढरे, आवाज तसाच. गाणं कसं सुचलं, असं त्याला विचारतात. तो म्हणतो, एकदा एमआयडीसीतून स्कूटरवर जात होतो, एका शेडमधून मशीनचा आवाज आला आणि मी थांबलो. मुलगी म्हणाली, “बाबा, यात तुम्ही कुठे आहात?” मी म्हटलं, स्कूटरच्या मागच्या सीटवर असेन. ती हसली. मला वाटतं रोहित खोटं बोलत नाही. इतक्या वेळा सांगून त्याला ते तसंच आठवत असणार. तत्त्वाचा माणूस आहे तो.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. तब्बल चाळीस वर्षांनी. ते गाणं नव्यानं निघणार आहे, जुनी टेप साफ करून. “आणि या वेळी सगळ्यांची नावं टाकायची असं मी ठरवलंय. ड्रम्सला तुझं, बेसला फ्रान्सिसचं. आणि काकांचंही. प्रेसला.” मी ऐकत होतो. मग तो जरा अडखळला. “काकांचं नाव काय होतं रे?”

त्यानं त्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं. त्यांची बोटं चालीत बसवून तो जगभर हिंडला होता. नाव त्याला कधी लागलंच नव्हतं.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“वय झालं. आठवत नाही.” आणि फोन ठेवला. फार वर्षांनी छाती भरून आली होती. एक तरी गोष्ट त्याला मिळाली नाही.

त्या रविवारी ताई आली, तेव्हा मोठ्या तोऱ्यात तिला हे सांगितलं. सिडकोहून दोन बस बदलून ती येते, गुडघे धरून जिना चढते. तिनं चहा संपवला, कप खाली ठेवला.

“का नाही दिलंस?”

“त्याला का द्यायचं?”

“त्याला कुठं? गाण्यावर येणार होतं ना?”

“ताई, त्या माणसानं...”

“त्या माणसानं जे केलं ते केलं. शनिवारी कोण गेलं होतं वाजवायला?” आवाज चढवला नव्हता तिनं. “तुझा राग तुझ्यापाशी ठेव. नाव त्यांचं आहे. दे त्याचा नंबर.”

मी दिला. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, चष्मा कपाळावर सारून नंबर लावला आणि आपण कोण ते सांगून सरळ मुद्द्यावर आली. आधी आप्पांचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. पलीकडून त्याला ते नीट ऐकू आलं नसावं. ताईनं आडनाव पुन्हा सांगितलं, अंगणवाडीतल्या पोरांना सांगते तसं, एकेक अक्षर सुटं करून.